माल विकला, पुढे काय?

नमस्कार मंडळी! आपल्या मुंबईत आता नुसता माल विकून दुकान चालवणं कठीण झालंय. दादरला मिक्सर-पंख्यांच्या एखाद्या दुकानात जरा वेळ थांबा, गिऱ्हाईक मोबाइलवर ऑनलाइनचा रेट दाखवतं आणि एवढ्यालाच द्या म्हणतं, मग मार्जिन उरणार कुठून? दुकान तगतं ते फिटिंग, रिपेरिंग, सर्व्हिसिंगवर.

मालाकडून सेवेकडे जाण्याचा हा बदल गिरणगावाने फार सोसलाय. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, आणि लोअर परळला त्याच जागांवर मॉल आणि ऑफिसं आली. सरकारनेही 1994 मध्ये सर्व्हिस टॅक्स आणला, तेव्हा टेलिफोन, जनरल इन्शुरन्स आणि शेअर ब्रोकर एवढ्या तीनच सेवांवर, 5 टक्के. मग यादी वाढतच गेली.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. वस्तू विकणाऱ्याचा धंदा कधी होतो, तर तुमची जुनी वस्तू बिघडल्यावर. सेवेत हे उलटं करता येतं. 1962 मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टल सिडली कंपनीने विमानाच्या इंजिनाची देखभाल उड्डाणाच्या तासांप्रमाणे ठरावीक दराने द्यायला सुरुवात केली, म्हणजे इंजिन बिघडू न देण्यातच कंपनीचा नफा. आपलं एसीचं एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, तसंच की! वर्षाचे पैसे आधीच घेतलेत, त्यामुळे मेकॅनिकने काम जितकं चोख केलं तितक्या त्याच्याच चकरा वाचतात.

आणि ते काम एकदा शेजारी उभं राहून बघाच. आतल्या युनिटखाली प्लास्टिक बांधायचं, जेट पंपाने कॉइल धुवायची, बादलीत नुसतं काळं पाणी येतं, ड्रेन पाइपमध्ये साचलेला गाळ काढायचा, मग खिडकीबाहेर छज्ज्यावर एक पाय टेकवून आउटडोअरला गेज लावायचा आणि गॅसचं प्रेशर बघायचं. त्यात समुद्राच्या खाऱ्या हवेने इथल्या कॉइल लवकर सडतात, ते त्याला नुसतं बघून कळतं. एवढं झाल्यावर आपण म्हणतो, धुतलंच तर फक्त, एवढे कसले पैसे? हे मला मनापासून खटकतं. दोन हजाराची वस्तू घेताना आपण कुरकुरत नाही, पण हातातल्या कसबाचे पाचशे द्यायला जीवावर येतं.

मेकॅनिक भावांनो, तुम्हीही व्हिजिट चार्ज फोनवरच सांगून टाका, दारात आल्यावर नको, तिथेच वाद होतात.

आणि ग्राहकांनो, एएमसी घेताना विचारा, गॅस त्यात धरलाय का, पार्ट धरलेत का, वर्षात किती व्हिजिट, आणि ते सगळं बिलावर लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा वस्तूंसारखाच पैसे देऊन घेतलेल्या सेवेलाही लागू आहे. काम नीट झालं नाही आणि कुणी दादच देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915, बिल हाताशी ठेवून फोन लावा.