कुंडलिकेचा तळ मोजताना

(पडद्यावर: वळणावरून येणारे राफ्ट, फेसाळ पाणी)

कोलाडची सकाळ. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी खाली पोचलं की कुंडलिका अशी दुथडी भरून धावते. हे पाणी मुळात तिचं नाही, मुळा नदीचं आहे. मुळशीला धरण बांधून ते अडवलं, घाट उतरवून कोकणात आणलं. जे भीमा-कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला जायचं, ते आता अरबी समुद्राला मिळतं. याच धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीकरांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते त्याच लढ्यात. धरण व्हायचं ते झालंच.

(राफ्ट दिसेनासे होतात. पाणी उतरलेलं, दगड उघडे)

दुपारकडे पाणी ओसरतं आणि खळाळ, म्हणजे दगडांवरून धावणाऱ्या उथळ पाण्याचा पट्टा, मोकळा होतो. गुडघ्यावर बसून चाललंय ते पाणकिडे गोळा करण्याचं काम. पाणी किती स्वच्छ, ते या किड्यांवरून कळतं. ही चौकट एक फूट लांब, एक फूट रुंद. युजीन सर्बर या अमेरिकी अभ्यासकाने १९३७ साली ती मांडली, म्हणून नाव सर्बर सॅम्पलर. चौकटीतले दगड हाताने चोळायचे. सुटलेले किडे प्रवाहच मागच्या जाळीत नेऊन टाकतो. किडे नेमके किती जागेतले, हे त्यामुळे ठाऊक असतं.

(जवळून: पांढऱ्या ट्रेमधली मेफ्लायची अळी)

चपटं अंग, कडेने थरथरणारे कल्ले. पाण्याच्या जैविक गुणांकनात घाण न सोसणाऱ्या किड्याला जास्त गुण. मेफ्लाय या पाणकिड्याच्या या चपट्या कुळाला दहापैकी दहा मिळतात. गाळातल्या लाल अळीला दोन.

पण पाणी हातभर खोल झालं, की सर्बरचं काम संपलं. हात तळाला पोचत नाही, किडे जाळीच्या वरून निघून जातात. आणि मग पुष्कळदा डोह सोडूनच दिला जातो. पाय भिजतील एवढ्याच पाण्यात उतरायचं आणि अहवाल अख्ख्या नदीचा लिहायचा!

(होडीतून दोरीवर सोडलेला ग्रॅब)

डोहासाठी हा एकमन ग्रॅब, तळाचा गाळ उचलणारा. दोन जबडे उघडे ठेवून तळाशी टेकवायचा, मग दोरीवरून हे छोटं वजन सोडायचं. ते आपटलं की खटका सुटतो, जबडे मिटतात.

मिटले तर. हे पाहा, जबड्यात गोटा अडकलाय आणि वर येईपर्यंत गाळ गळून गेलाय. मऊ चिखलात एकमन उत्तम, सह्याद्रीच्या गोट्यांत लाचार. पोनार नावाचा जड ग्रॅब वाळूत, बारीक खडीत चालतो. मोठ्या धोंड्यांपुढे तोही हात टेकतो.

(पाण्याखालून: दोरीला टांगलेला चकत्यांचा संच)

म्हणून हा तिसरा मार्ग, आणि आमच्या मते इथे सर्वांत कामाचा. हार्डबोर्डच्या गोल चकत्या एका बोल्टवर ओवलेल्या, मधल्या फटी कुठे अरुंद, कुठे रुंद. हेस्टर आणि डेंडी या दोघांनी हा संच १९६२ साली मांडला. किडे पकडायचे नाहीत, त्यांना घर द्यायचं. साधारण सहा आठवडे संच पाण्यात राहतो. वाहत येणारे, चढत येणारे किडे त्यावर वस्ती करतात. कुंडलिकेत एक पथ्य मात्र पाळावं लागतं: पाणी रोज चढतं-उतरतं, म्हणून संच दुपारच्या पातळीच्याही खाली बांधायचा. नाहीतर वस्ती रोज उन्हात वाळेल.

काढतानाची काळजी बघा. संच आधी पाण्यातच पिशवीत घेतला, मग वर उचलला. तसाच ओढला असता तर अर्धे किडे परत नदीत गेले असते.

या पद्धतीत खोट आहेच. गाळात बिळं करणारे कृमी, शिंपले चकत्यांकडे फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी ग्रॅबच हवा. शिवाय चकत्यांवर कोण आलं ते कळतं, तळावर किती आहेत ते नाही. पण वरच्या डोहाची खालच्या डोहाशी तुलना करायची, तर दोन्हीकडे पृष्ठभाग सारखा मिळतो. ग्रॅबला तो कधीच मिळत नाही.

रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तिथे नदी संथ होते, पुढे भरतीचं पाणी शिरतं. खळाळच नाही, तर सर्बर टाकणार कुठे?

(टेबल, चाळणी, चिमटे)

अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गाळ धुतला जातो. मग तांदळातले खडे वेचावेत तसे किडे चिमट्याने वेचायचे आणि सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचे. खळाळाची बाटली वेगळी, ग्रॅबची वेगळी, चकत्यांची वेगळी. तिन्ही आकडे एकत्र करून सरासरी काढायची नाही. बाटलीतल्या चिठ्ठीवर पद्धत आणि खोली लिहायची, पेन्सिलीने. शाई अल्कोहोलमध्ये उतरते.