दिवा लागला, पाणी कुठंय?

(सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘उत्पादनरचनेतील मानवी अनुभव आणि परस्परसंवाद’. हे नाव माझं नव्हे. मी फोनवर ‘यंत्रानं माणसाला काय सांगावं’ एवढंच म्हणालो होतो. संयोजकांना ते व्याख्यानाच्या मानानं हलकं वाटलं असावं. तरी चार मुद्दे मांडायचं कबूल केलंय, ते मांडतो. पण आधी मामांची मोटार.

समोरच्या निम्म्या लोकांची नदीवर मोटार असणार, त्यामुळं फार समजावत बसत नाही. माझे मामा भिलवडीचे. मोटार कृष्णेच्या काठाला, ऊस लांब, मधे पाइपलाइन, आणि लाईट रात्रीची. बॅटरी घेऊन नदीवर जायचं, स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं आणि पेटीतल्या अँपिअर मीटरच्या काट्याकडं बघत उभं राहायचं. काटा ठरल्या जागी थांबला की मोटारीनं पाणी धरलं. काटा पडला, थरथरायला लागला की समजायचं, फुटव्हॉलला, म्हणजे नदीतल्या पाइपच्या तोंडाच्या झडपेला, कचरा लागलाय, मोटार हवा घेतीय. पंपात पाणी नसलं की मोटारीवर लोड येत नाही, म्हणून करंट उतरतो. मामांनी हे कुठल्या वर्गात बसून शिकलेलं नव्हतं. मीटरच्या काचेवर मामींच्या नेलपॉलिशची एक रेघ मात्र ओढून ठेवली होती. काटा रेघेवर आला की मामा घरी.

मग मोबाईल स्टार्टर आला. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांचे विक्रेते इथंच बसलेले असायचे. घरून फोन लावायचा, एक आकडा दाबायचा, आणि एक बाई गोड आवाजात म्हणते, ‘मोटार चालू आहे.’ मामा खूश, गावभर सांगत सुटले. पुढं एकदा सकाळी रानात जाऊन बघतात, तर सरी कोरडी ठणठणीत! बाई रात्रभर ‘चालू आहे’ म्हणत होती, आणि खोटं बोलत नव्हती. मोटार चालूच होती, नुसती हवेवर गरगर फिरत होती. पंपाचं सील गेलं ते वेगळंच. मामी म्हणाल्या, “ऐका आता त्या बाईचं, ऊस वाळू दे.”

कंपनीचा माणूस आला. डबा उघडून बघितला आणि म्हणाला, “डब्यात काही दोष नाही, काकांना वापरता येत नाही.” या वाक्याचा माझा राग अजून गेलेला नाही आणि आज माईक हातात आहे. काट्याच्या थरथरीवरून ज्याला नदीच्या तळाचा कचरा कळत होता, त्याला वापरता येत नाही? तुम्ही काटा काढलात आणि तिथं हिरवा दिवा बसवलात. दिवा एवढंच सांगतो की हुकूम पोचला. मामांना पाण्याची खबर हवी होती.

आता मामा काय करतात ऐका. बाईंना फोन झाला की दुसरा फोन शेजाऱ्याला, ज्याची वस्ती पाइपच्या तोंडाशी आहे त्याला. “पाणी पडतंय का रं?” “पडतंय.” मग झोपतात. त्या शेजाऱ्याची झोपमोड डब्याच्या किमतीत धरलेली नाही. कुणी म्हणेल, ड्राय रन, म्हणजे मोटार पाण्याविना फिरतीय हे, ओळखून ती बंद करणारे डबे आता मिळतात. मिळतात की. पण पाइप मधेच फुटला तर मोटारीवर लोड असतोच. डबा समाधानी आणि पाणी भलत्याच्याच रानात. आणि ज्याच्या रानात जातं तो फोन करून कळवत नाही, एवढं तरी आपल्याला माहीत आहे!

ही फक्त भिलवडीची भानगड आहे असं समजू नका. 28 मार्च 1979, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडची अणुभट्टी. दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. नियंत्रणकक्षातला त्याचा दिवा विझला, म्हणून माणसांना वाटलं, व्हॉल्व्ह बंद झाला. पण तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती सांगतच नव्हता. बंद होण्याचा हुकूम गेला, इतकंच सांगत होता. दोन तासांहून जास्त वेळ भट्टी थंड ठेवणारं पाणी तिथून निघून जात राहिलं. गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळला. तिथंही आधी ‘ऑपरेटरांना कळलं नाही’ हेच झालं. कारण शोधायला बोलावलेल्यांत डॉन नॉर्मन हे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचं मत पडलं की दोष त्या कक्षाच्या रचनेत आहे. पुढं या विषयातलं ते मोठं नाव झालं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणे. चार मुद्दे राहिलेत, पळवतो.

पहिला, वस्तूनं झालेल्या कामाची पोच द्यावी. तो मोटारीतच आला. मतदानयंत्र बघा. बटण दाबलं की दिवा लागतो, लांब बीप होते, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाते. नंतर मताची चिठ्ठी छापणारं व्हीव्हीपॅट जोडलं, चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. दिवा हुकुमाचा, चिठ्ठी छापल्याची. यापुढं बोललो तर पुढच्या वर्षी मला बोलावणार नाहीत.

दुसरा, न बघता हाताला कळलं पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात बी-17 विमान उतरल्यावर वैमानिक फ्लॅप, म्हणजे पंखांच्या झडपा, मिटायला जायचे आणि चाकंच मिटायचे. दोन्ही खटके शेजारीशेजारी, दिसायला सारखे. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञांनी चाकाच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा आकार दिला. अपघात जवळजवळ थांबले. वैमानिकांना नवं प्रशिक्षण वगैरे काही नाही.

तिसरा, काम झालं की माणूस मागचं विसरतो, म्हणून बरीच एटीएम आधी कार्ड देतात, मग पैसे. पुढं.

चौथा मला सगळ्यात आवडता होता, पण वेळ नाही. किर्लोस्करवाडी 1910ची, लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर त्याआधीचा, बेळगावातला. लोखंडानं जमिनीत विष उतरेल या भीतीनं पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली, ही गोष्ट आपल्याकडं पोराटोरांना पाठ आहे आणि आपण ती शेतकऱ्याला हसून सांगतो. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्याचं सगळं त्या जमिनीत आहे, तो नव्या वस्तूला आधी हेच विचारणार की तू माझं काय बिघडवशील? याचं उत्तर मी अजून एकाही माहितीपत्रकात वाचलेलं नाही.

दुसरी चिठ्ठी. बरं. कुपवाड एमआयडीसीत पॅनेल बनवणारे चार-पाच जण मागच्या रांगेत दिसतायत. तुम्हाला एवढंच सांगणं आहे: रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात आपल्या एखाद्या गिऱ्हाइकाबरोबर नदीवर जा. त्याला शिकवू नका, तो काय बघतो ते बघा. आणि तोवर काटा परत बसवा. महाग पडतो म्हणाल, तर मी गणपती पेठेत भाव विचारूनच आलोय.