पुळीला हात लावू नका: बीसीजीच्या जागेचे पहिले तीन महिने

(दृश्य: परळमधल्या एका प्रसूतिगृहाचा वॉर्ड. कपड्यात गुंडाळलेलं बाळ. परिचारिका झबल्याची डावी बाही वर सरकवते.)

मुंबईच्या पालिका रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला घरी सोडण्याआधी साधारण तीन लशी मिळतात. तोंडात पोलिओचे दोन थेंब, मांडीत कावीळ-बीची सुई आणि डाव्या दंडावर बीसीजी. पहिल्या दोन घरी पोहोचेपर्यंत विसरल्याही जातात. बीसीजी मात्र दोन-तीन आठवडे गप्प राहते आणि मग सगळ्या घराला कामाला लावते.

ही लस क्षयरोगाविरुद्धची. 1921 साली पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली. काल्मेत आणि गेरँ या दोन फ्रेंच संशोधकांनी गुरांच्या क्षयाचा जंतू वर्षानुवर्षं वाढवत निर्बळ केला होता, तोच यात असतो. निर्बळ, पण जिवंत. पुढे दंडावर जे काही घडतं त्याचं कारण या एका शब्दात आहे. मोठेपणी फुफ्फुसाचा क्षय होणारच नाही अशी हमी ही लस देत नाही. लहान मुलांना मेंदूच्या आवरणाचा किंवा अंगभर पसरणारा क्षय होतो, त्यापासून ती चांगलं संरक्षण देते.

(दृश्य: तपकिरी कुपी, जवळून.)

लस कोरड्या पुडीच्या रूपात येते. कुपी तपकिरी असते, कारण उजेड या लशीला सोसत नाही. सोबत आलेल्या सलाइनमध्ये ती कालवली की चार तासांत संपवायची. उरली तर टाकून द्यायची, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नाही. एका कुपीत बऱ्याच बाळांची लस असते. त्यामुळे काही केंद्रांवर बीसीजी ठरावीक वारीच मिळते, आणि मधल्या वारी गेलेल्या आईला परत पाठवतात म्हणून चिडचिड होते.

महिन्याच्या आतल्या बाळाला 0.05 मिलि, म्हणजे जेमतेम एक थेंब. महिन्यानंतर 0.1 मिलि. नवजात बाळाची कातडी इतकी पातळ असते की पूर्ण डोस दिला तर ती फाटते किंवा लस खाली उतरते. सुई कातडीच्या थरातच राहायला हवी. म्हणून परिचारिका डाव्या हाताने दंडाची कातडी ताणून धरते, सुईचं तिरकं तोंड वर ठेवते आणि सुई जवळजवळ आडवी आत सरकवते. बरोबर बसली की जागेवर सुमारे 5 मिमीचा पांढुरका फुगवटा उठतो, संत्र्याच्या सालीसारखी बारीक छिद्रं दिसणारा. फुगवटा उठलाच नाही तर सुई खोल गेली. पुढे गळू होण्याचं हे एक नेहमीचं कारण.

टोचण्याआधी तिथे स्पिरिट लावत नाहीत, जंतुनाशकाने जिवंत लस मरू शकते. जागा मळलेली असेल तर साध्या स्वच्छ पाण्याने पुसतात. डावाच दंड का? सगळ्यांचा एकच ठरलेला असला की पुढे तपासणाऱ्याला व्रण शोधत बसावं लागत नाही, एवढंच.

अर्ध्या तासात फुगवटा बसतो. मग काहीच दिसत नाही. लसीतले जंतू फार सावकाश वाढतात, आणि शरीराच्या संरक्षक पेशींना त्यांची ओळख पटून तिथे गोळा व्हायला वेळ लागतो. दोन ते तीन आठवड्यांनी एक लालसर, टणक पुळी वर येते. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत ती 4 ते 8 मिमी होते. मग टोक मऊ पडतं, फुटतं, थोडा पिवळसर स्राव येतो, खाली उथळ जखम आणि वर खपली. खपली पडते, पुन्हा ओलं होतं, पुन्हा खपली धरते. हे दोन-तीनदा झालं तरी बिघडलेलं काही नाही. साधारण सहा ते बारा आठवड्यांत जागा भरते आणि गोल, किंचित खोलगट व्रण उरतो.

नेमका याच सुमारास बाकीच्या लशींचा दीड महिन्याचा डोस येतो. पुळी ऐन भरात आणि आई केंद्रावर.

(दृश्य: केंद्रातला बाक. आजीच्या मांडीवर बाळ. आजीच्या दंडावर देवीच्या लशीचे मोठे वण.)

"सिस्टर, पू झालाय हो यात. हळद दाबू का?"

"आजी, काही लावायचं नाही. बाही सैल ठेवा, बास."

आजीच्या पिढीने देवी काढलेल्या पाहिल्यात. तो फोड याहून मोठा आणि ताप आणणारा असायचा. हिंदुस्थानात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती याच शहरात, 14 जून 1802 रोजी, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा बर्फाची पेटी नव्हती, कुपी नव्हती. एका मुलाच्या फोडातली लस पुढच्याच्या दंडात जायची, म्हणून फोड नीट फुलणं हीच लस टिकवण्याची वाट होती. बीसीजीच्या पुळीचा असा काही उपयोग नाही. तिचं काम बाळापुरतं आणि शांतपणे चालतं. तिच्यामुळे सहसा ताप येत नाही, फारसं दुखतही नाही. दीड महिन्याच्या डोसाच्या रात्री ताप चढला तर तो बहुतेक मांडीत दिलेल्या पेंटाचा, म्हणजे पाच आजारांविरुद्धच्या एकत्र लशीचा असतो, दंडाला बोल लावू नका.

आता घरी काय करायचं. खरं तर काय टाळायचं, हीच यादी मोठी.

मालिश करणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी ही जागा दाखवा. दंडाला वरून खाली तेल चोळताना त्यांचा अंगठा बरोबर पुळीवरून जातो. हात, पाय, पाठ चोळा, पुळीभोवतीचे दोन बोटं सोडा. डाळीचं पीठ आणि सायीचं उटणं घासू नका, त्याने खपली निघते आणि पिठाचे कण जखमेत बसतात. आंघोळ मात्र रोज घाला. पाणी आणि साबणाचा फेस वरून गेला तर चालतं. नंतर मऊ कपड्याने टिपून घ्या.

दंडाला बांधलेला काळा दोरा हा ठरलेला गुन्हेगार. दिवसभर तो पुळीवर घासतो, ओला राहतो, आणि लाली वाढली की दोष लशीला. दोरा बांधायचाच असेल तर उजव्या हाताला किंवा पायात बांधा.

जुलैत मुंबईत झबली वाळत नाहीत. दमट बाही जखमेला चिकटते आणि काढताना खपली घेऊन येते. इस्त्री फिरवून पूर्ण कोरडं झालेलं, सैल बाहीचं किंवा बिनबाहीचं सुती झबलं घाला. स्राव जास्त असेल तर निर्जंतुक गॉज हलकेच ठेवा आणि वरच्या-खालच्या कडेला कागदी टेप लावा. चिकटपट्टीने जागा पूर्ण बंद करू नका, आत घाम कोंडतो. हळद, पावडर, अँटिबायोटिक मलम, राख यातलं काहीही नको. आणि दाबून पू काढणं तर अजिबात नको. दाबल्याने मळ बाहेर येण्याऐवजी आत पसरतो, बोटांवरचे जंतू जखमेत शिरतात, आणि जी जागा आपली आपण भरली असती तिला खरंच औषध लागतं.

(दृश्य: बाळाच्या डाव्या काखेत हात घालून तपासणारे डॉक्टर.)

लशीच्या बाजूच्या काखेत, क्वचित गळपट्टीच्या हाडावर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अवधाण येऊ शकतं. लहान, हलणारी, न दुखणारी गाठ असेल तर घाबरायचं कारण नाही, बहुतेक वेळा ती आपोआप जिरते. मात्र डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. "बाळाला टीबी झाला" असं म्हणत घर हादरतं, पण ही लशीच्या जंतूंना दिलेली ग्रंथीची प्रतिक्रिया असते, आणि साध्या गाठीला क्षयाच्या गोळ्यांनी फरक पडत नाही. गाठ वाढत गेली, मऊ पडली, वरची कातडी लाल-चकचकीत झाली तर आत पू झालाय. तो डॉक्टर सुईने ओढून काढतात. चिरा देऊन घेऊ नका, ती जागा महिनोन्महिने वाहत राहू शकते.

पुळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उठली तरी दाखवा. शरीराला क्षयाच्या जंतूची आधीच ओळख असेल तर प्रतिक्रिया अशी घाईने येते, त्यामुळे घरात कुणाला क्षय आहे का हे बघावं लागतं. जखम 1 सेंटीमीटरपेक्षा मोठी झाली, तीन महिन्यांनंतरही वाहतेय, भोवतीची लाली पसरतेय, बाळ दूध ओढत नाही, यातलं काहीही झालं तरी थांबू नका. भरून गेलेला व्रण काही महिन्यांनी पुन्हा लाल झाला आणि सोबत पाच दिवसांचा ताप, लाल डोळे, लाल ओठ असतील तर बालरोगतज्ज्ञांना व्रणाचा उल्लेख मुद्दाम करा. कावासाकी या रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजारात असं होतं, आणि त्याचा उपचार वेळेत झाला तर हृदयाच्या रक्तवाहिन्या वाचतात.

एक गोष्ट लस देण्याआधीच सांगायची. आधीचं मूल तान्हेपणी वारंवारच्या जंतुसंसर्गाने दगावलं असेल तर परिचारिकेला सांगा. जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळात ही जिवंत लस अंगभर पसरू शकते, आणि तिथे आधी तपासणी लागते.

उजव्या दंडाकडेही बघा. दीड आणि साडेतीन महिन्यांना तिथे पोलिओची छोटी टोचणी देतात, तीही कातडीच्या थरातच. फुगवटा अगदी बीसीजीसारखाच उठतो, पण नंतर पुळी होत नाही. त्या लशीतला विषाणू मृत असतो. मांडीत पेंटाच्या जागी राहणारी टणक गाठ वेगळी. ती काही आठवडे राहते, तिच्यावर थंड ओली पट्टी ठेवा, चोळू नका, गरम शेक देऊ नका.

(दृश्य: माता बाल संरक्षण कार्ड, बीसीजीची ओळ.)

काही मुलांच्या दंडावर व्रण उमटतच नाही. मग नातेवाईक "लस बाद झाली, पुन्हा टोचून घ्या" म्हणून मागे लागतात. कार्डावर लशीची तारीख असेल तर व्रण नसला तरी बीसीजी पुन्हा देत नाहीत. कार्डावर तारीख नाही, दंडावर व्रण नाही आणि मूल अजून एक वर्षाच्या आत आहे, तर त्याला जवळच्या पालिका केंद्रावर बीसीजीच्या वारी घेऊन जा.