गुळव्याला डुलकी लागली तर

नमस्कार श्रोतेहो. आज पाळीच्या दुखण्याबद्दल.

वाळवा तालुक्यातली एक बाई माझ्याकडे आली ती पिशवीत कॅलेंडरची पानं घेऊन. चार वर्षांची पानं! दुखलं त्या प्रत्येक तारखेला लाल गोल. पाळीच्या आधी दोन दिवस गोल, पाळीत गोल, आणि पुढं पुढं मधल्या दिवसांनाही. लग्नानंतर थांबेल, मूल झालं की थांबेल, असं घरचे म्हणायचे. दोन मुलं झाली, गोल वाढतच गेले. सोनोग्राफी केली. गर्भाशयाची भिंत जाड झालेली, डाव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या काळपट रक्तानं भरलेली गाठ.

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, अंडाशयावर किंवा ओटीपोटात वाढल्या की एंडोमेट्रिओसिस. त्याच पेशी गर्भाशयाच्या स्नायूत शिरल्या की अ‍ॅडिनोमायोसिस. पुन्हा सांगते, बाहेर गेल्या तर एंडोमेट्रिओसिस, भिंतीत शिरल्या तर अ‍ॅडिनोमायोसिस. तिला दोन्ही होतं.

पेशीची वाढ कशी होते तेही मी तिला सांगू लागले. सायक्लिन नावाची प्रथिनं पेशीला ‘चल, एकाच्या दोन हो’ म्हणतात. पी-२७ सारखी प्रथिनं ‘थांब’ म्हणतात. तिच्या घरचं गुऱ्हाळ. ती पटकन म्हणाली, “मॅडम, एक चुलवाणात जाळ घालणारा, दुसरा गुळव्या. माझ्या पोटातल्या गुळव्याला डुलकी लागलीया म्हणा की!”

पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून, गोळी बघून काहील कधी उतरायची ते गुळव्याच ठरवतो. त्याला डुलकी लागली की सगळं करपलं.

तर हा गुळव्या, पी-२७, काही अभ्यासांत या रुग्णांच्या अस्तरात कमी दिसला आहे. एरवी प्रोजेस्टेरॉन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन त्याला जागं ठेवतं. इथं पेशी प्रोजेस्टेरॉनचं नीट ऐकत नाहीत. सायक्लिनचा शोध लागला समुद्री प्राण्याच्या अंड्यांत. त्या कामाला २००१ साली नोबेल मिळालं. पण ही प्रथिनं रक्तात तपासून निदान होत नाही. निदानाची सुरुवात होते तुमच्या सांगण्यातून, तुमच्या कॅलेंडरमधून. आणि दुखतंय म्हणून लगेच ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही.

तिला प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या गोळ्या सुरू केल्या. तिसऱ्या महिन्यात ती नवं पान घेऊन आली, गोल दोनच. त्याखाली दुसरं पान होतं, नववीतल्या लेकीचं.