रात्री अडीच वाजता रूळ कोण बघतं?

नमस्कार मंडळी. कामावर आपल्यावर लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून काय करावं, यावर आज बोलायचंय. पण मी ऑफिसातनं सुरुवात नाही करत, थेट कोकण रेल्वेच्या रुळावर जातो, कारण विश्वासावर चालणारं काम म्हणजे नेमकं काय ते मला तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटरचा हा मार्ग, १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाला, आणि जागोजागी डोंगर कापून काढलाय. पावसाळ्यात तो डोंगर काय करेल सांगता येत नाही. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरड आली आणि गाडीचा अपघात होऊन ५० हून जास्त माणसं गेली, पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर पावसाळ्यातला वेग कमी केला, कटिंगच्या, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेच्या, उतारांवर जाळ्या बसवल्या, आणि गस्त वाढवली. गस्त म्हणजे माणूस. आपण गाडीत चादर ओढून झोपलेलो असतो ना, तेव्हा रेनकोट घातलेला एक पेट्रोलमन आपल्या बीटवर, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या टप्प्यावर, रूळ बघत चाललेला असतो.

आता तो रात्री अडीच वाजता खरंच चालतोय का, का आडोशाला बसलाय, हे त्या क्षणी बघायला कोणीच नसतं. त्याच्याकडे गस्तीची वही असते, बीटच्या टोकाला समोरून येणारा दुसरा पेट्रोलमन भेटतो, वह्यांची अदलाबदल होते, स्टेशनवर पोचला की सही होते. वहीत वेळ येते हो, पण नजर कशी येणार? कटिंगच्या वरच्या अंगाला माती नेहमीपेक्षा जास्त ओली दिसतेय का, गटारातलं पाणी अचानक गढूळ झालंय का, हे त्याने थांबून बघितलं की नुसता चालत गेला, ते त्याचं त्यालाच माहीत. आणि तरी त्याच्या भरवशावर लोको पायलट गाडी पुढे घेतो, त्याला ओळखतही नसताना!

मला वाटतं आपल्या कामातला विश्वास पण याच जागी तयार होतो, जिथे चेकिंग संपतं तिथे. रिपोर्ट वेळेत गेला हे साहेबांना दिसतं, पण त्यातला आकडा तुम्ही मूळ बिलाशी ताडून बघितला की मागच्या महिन्याच्या शीटवरनं उचलला, हे दिसत नाही. लगेच दिसत नाही म्हणा, कारण सहा महिन्यांत अख्ख्या डिपार्टमेंटला कळतं की हिच्याकडून आलेलं परत बघावं लागत नाही आणि त्याचं मात्र प्रत्येक वेळी बघावं लागतं.

दुसरी गोष्ट स्वावलंबनाची. पेट्रोलमनच्या पिशवीत लाल-हिरवे झेंडे, टॉर्च, शिट्टी आणि फटाके असतात, फटाके म्हणजे दिवाळीतले नव्हेत, डेटोनेटर. पत्र्याची चपटी गोल डबी, दोन्ही बाजूंना शिशाच्या पट्ट्या, त्या रुळाच्या डोक्यावर वाकवून बसवायच्या, इंजिनाचं चाक वरून गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. दरड दिसली की गाडी ज्या बाजूने येणार त्या बाजूला पळायचं, ६०० मीटरवर एक फटाका, मग १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. भर पावसात, अंधारात, खडीवरनं. तिथे 'साहेबांना विचारून सांगतो' चालत नाही, गाडी थांबवायचा अधिकार त्याचाच आणि जबाबदारी पण त्याचीच. म्हणूनच टॉर्चची बॅटरी निघायच्या आधी बघायची असते, मधे बंद पडली तर मागायची कोणाकडे?

पण स्वावलंबी म्हणजे सगळं एकट्याने ओढणारा, असं मी अजिबात म्हणत नाहीये. हा माणूस ठरल्या वेळेत पोचला नाही तर स्टेशन मास्तर गाड्यांना सावकाश जायची लेखी सूचना देतो. म्हणजे तो न पोचणं ही सुद्धा खबर धरली जाते. आपल्याकडे काय होतं, काम अडलं की माणूस गप्प बसतो, फोन उचलत नाही, ग्रुपवर निळी टिक दिसते पण उत्तर नाही, आणि संध्याकाळी सहाला सांगतो की नाही झालं. अहो तेच दुपारी बाराला सांगितलं असतं तर दुसरा माणूस देता आला असता, क्लायंटला कळवता आलं असतं! वाईट बातमी लवकर आणणाऱ्या माणसावर माझा जास्त विश्वास बसतो, खरंच सांगतो, नेहमी 'हो हो होऊन जाईल' म्हणणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त.

आणि आता टीम सांभाळणाऱ्यांना एक सांगायचंय, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. शंका आली म्हणून कोणी काम थांबवलं आणि नंतर कळलं की तसं काही नव्हतं, तर त्याला सगळ्यांसमोर झापू नका. तुमचा अर्धा तास गेला हे खरंय, पण तो एकदा ओरडा खाल्लेला मुलगा पुढच्या वेळी शंका आली तरी बोलणार नाही, आणि बाकीचे दहा जण पण ते बघत असतात. त्याला एवढंच विचारा की तुला नेमकं काय दिसलं, आणि तो सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या.