सहा की साडेसहा?
(खानदेशातल्या कॉमिक्स-पारख स्पर्धेवरच्या लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: गच्चीवर टेबल, टेबलावर एक कॉमिक. कॅमेरा वरून.]

इंद्रजाल कॉमिक्स, मराठी आवृत्ती. मुखपृष्ठावर वेताळ. रंग अजून टवटवीत आहेत. आता उजवीकडे वरच्या कोपऱ्यात बघा, बोटाच्या पेराएवढी मोड आहे. डाव्या कडेला, जिथे अंक दुमडतो त्या पाठीवर, बारीक पांढऱ्या रेघा दिसतात. कॅमेरा थांबलाय तोवर मोजून घ्या. खालच्या पिनेभोवती गंजाचा तांबूस डाग आहे आणि मागच्या पानावर कुणीतरी निळ्या शाईत गणित सोडवलंय. बरोबर सोडवलंय, पण त्याचे गुण इथे मिळत नाहीत.

या अंकाला दहापैकी किती द्याल? जळगाव, धुळे, नंदुरबारचे संग्राहक आणि नोकरीधंद्यासाठी पुण्या-सुरतेकडे गेलेले खानदेशी आज रात्री या एका प्रश्नावर फोनवरून भांडणार आहेत. स्पर्धेची फेरी सुरू झालीय. जुन्या अंकाचे फोटो बघून त्याच्या अवस्थेला गुण द्यायचे, परीक्षकांच्या आकड्याच्या सगळ्यात जवळ जाईल तो जिंकला.

[दृश्य: भुसावळ स्टेशन, पादचारी पुलावरून. गाडी शिरते.]

मुंबईहून आलेला रूळ भुसावळला फुटतो. एक फाटा खंडवा-इटारसीकडे जातो, दुसरा नागपूरकडे. कॉमिक्स याच रुळांवरून आली, मराठीही आणि हिंदीही. त्यामुळे इथल्या घरांतल्या ट्रंका उघडल्या की दोन्ही भाषा एकत्र निघतात. इंद्रजाल १९६४च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेनं सुरू केलं आणि १९९०मध्ये बंद झालं. अमेरिकन लेखक ली फॉकचे वेताळ आणि मँड्रेक त्यात होतेच. १९७६मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, चंबळच्या बाजूचा आपला माणूस. पुढे १९८६मध्ये राज कॉमिक्स निघालं आणि नागराज, सुपर कमांडो ध्रुव यांनी उन्हाळ्याच्या सुट्ट्या ताब्यात घेतल्या.

हा इतिहास एवढ्यावर सोडतो. त्या काळाचं चित्रण आमच्याकडे नाही. ट्रंका मात्र आहेत.

[दृश्य: पत्र्याची ट्रंक उघडते. कडुनिंबाचा वाळलेला पाला, वर्तमानपत्र, खाली कॉमिक्सचे गठ्ठे.]

हे अंक विकत घेणारा एक आणि वाचणारे पन्नास, असा तो व्यवहार होता. गल्लीतल्या दुकानात कॉमिक्स भाड्यानं मिळत. दुकानदार मुखपृष्ठावर शिक्का मारायचा, पाठीला खाकी कागद चिकटवायचा, दहा-दहा अंकांना एकत्र टाके घालायचा. त्यात अंक छापलेला वर्तमानपत्री कागदावर. लाकडाच्या लगद्याच्या या कागदात लिग्निन नावाचं द्रव्य राहतं. उजेड आणि उष्णता लागली की ते पिवळं पडतं, कागदातलं आम्ल वाढतं आणि पान कडेनं तपकिरी होत होत ठिसूळ बनतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणारा हा मुलूख. पत्र्याच्या ट्रंकेत काय होत असेल ते सांगायला नको. मग पावसाळा येतो, पिना गंजतात. उरलंसुरलं कसर खाते.

अशा मुलखात जुन्या कॉमिकच्या विक्रीच्या जाहिरातीत ‘मिंट कंडिशन’, म्हणजे अगदी कोरा करकरीत, असं लिहिलेलं दिसलं की समजावं, विकणाऱ्यानं तरी अंक नीट पाहिलेला नाही किंवा घेणाऱ्यानं पाहू नये अशी त्याची इच्छा आहे.

स्पर्धा निघाली ती यातूनच.

[दृश्य: संयोजकांचं घर. भिंतीवर पुठ्ठ्यावर काढलेली उभी शिडी, प्रत्येक पायरीवर आकडा.]

रेल्वेतून निवृत्त झालेले हे संयोजक. संग्राहकांच्या फोनवरच्या ग्रुपवर सगळे त्यांना आप्पा म्हणतात. ही शिडी त्यांनी हातानं काढलीय. पायऱ्या मोजल्या तर पंचवीस भरतील. सगळ्यात वर १०, मग ९.९, ९.८, ९.६. नऊपर्यंत पायऱ्या अगदी दाट. नवाखाली अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या. तळाशी १.८, १.५, १ आणि शेवटी ०.५.

ही मोजपट्टी अमेरिकेची. तिकडे रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची कॉमिक्सची दरसूची १९७०मध्ये पहिल्यांदा निघाली आणि अंकाची अवस्था आणि किंमत यांची गाठ पक्की झाली. २०००मध्ये सीजीसी ही कंपनी आली. तुम्ही अंक पाठवायचा, त्यांचे पारखी तो तपासणार, गुण ठरवणार आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करून परत देणार. सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो १९३८चा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक. दहा सेंटचा. ९ गुणांची त्याची एक प्रत २०१४मध्ये ऑनलाइन लिलावात ३२ लाख डॉलरला गेली. अर्ध्या गुणासाठी माणसं का भांडतात, हे यावरून कळावं.

पण तिकडच्या स्पर्धांना एक सोय असते. बरोबर उत्तर कंपनीकडून आलेलं असतं. संयोजक अंक पाठवण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवतो, निकाल आला की ताडून बघतो. आप्पांच्या ग्रुपमधलं कुणी बहादूरचा अंक सातासमुद्रापार तपासायला पाठवत नाही. मग बरोबर उत्तर कोण ठरवणार?

[दृश्य: तीन माणसं, तीन खुर्च्या, मध्ये पुरेसं अंतर. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी.]

उत्तर ठरवतात हे तिघं. चाळीसगावचे शिक्षक, जळगावचे बाइंडिंगवाले आणि धुळ्याच्या एक ताई. ताईंच्या वडिलांचं भाड्याच्या पुस्तकांचं दुकान होतं. अंक एकेकाच्या हातात जातो. बोलायचं नाही, चेहरासुद्धा करायचा नाही. जिनिंगच्या फाटकावर कापूस घेणारा व्यापारी गाडीतून चिमूटभर रुई ओढतो, दोन बोटांत ताणतो आणि भाव बोलतो, तसं हे काम हातानं चालतं. ताईंचा हात बघा. त्या आधी मुखपृष्ठाकडे बघतच नाहीत. अंक उलटा करून थेट मधलं पान उघडतात. पिनांवर पान घट्ट आहे का? एका पिनेतून सुटलंय का? मग पानं मोजतात. मधलं जोडपान गायब असेल तर मुखपृष्ठ कितीही देखणं असो, अंक शिडीच्या तळाशी गेला. त्यानंतर पाठ, कोपरे, कडा आणि सगळ्यात शेवटी चित्र.

बाइंडिंगवाल्यांची रीत निराळी. ते अंक उजेडाला तिरका धरतात. कडा नंतर छाटल्यात का, हे त्यांना आधी बघायचं असतं. आयुष्यभर त्यांनी स्वतः कडा छाटल्यात, त्यांना कोण फसवणार.

(पांढरे हातमोजे घालून हा शॉट घ्यावा, असं आमच्या कॅमेरामनचं म्हणणं होतं. आप्पांनी साफ नकार दिला. मोज्यात बोटाला पान कळत नाही आणि कड फाटते. हात धुवायचे, कोरडे करायचे, बस.)

तिघांच्या चिठ्ठ्या एकदम उघडतात. इथे ५.५, ६ आणि ६.५. मधला आकडा घ्यायचा, म्हणून या अंकाचं उत्तर ६. तिघांत तीन पायऱ्यांहून जास्त अंतर पडलं तर तो अंक स्पर्धेतून बाद. परीक्षकांचंच जमत नसेल तर फोटो बघणाऱ्यानं काय करावं?

[दृश्य: सकाळ, गच्चीची सावलीची बाजू. फोन स्टँडवर, शेजारी राखाडी कार्ड.]

फोटो हा या खेळाचा अर्धा जीव आहे. पिवळ्या बल्बखाली पांढरं पानही चहात बुडवल्यासारखं दिसतं. स्कॅनरचा उजेड सरळ पडतो, म्हणून रंग न उडालेली मोड तो गिळून टाकतो. म्हणून आप्पांचा नियम असा की सकाळी, सावलीत, राखाडी कार्ड ठेवून रंग जुळवायचे आणि प्रत्येक अंकाचे ठरलेले फोटो काढायचे. पुढून, मागून, पाठीचा जवळून, मुखपृष्ठाच्या आतली बाजू, मधलं पान आणि एक फोटो बाजूनं पडणाऱ्या उजेडात. त्या शेवटच्या फोटोत सगळ्या मोडी डोंगररांगांसारख्या उठून दिसतात. स्पर्धकही आधी तोच उघडतात.

उत्तर ग्रुपवर टाकायचं नाही, थेट आप्पांना पाठवायचं. ग्रुपवर टाकलं की पहिल्या आकड्याच्या मागे सगळे मेंढरांसारखे जातात.

[दृश्य: वहीतले तक्ते, पेन्सिलीनं मारलेल्या खुणा.]

गुणांचा हिशेब गमतीचा आहे. फरक आकड्यांत मोजत नाहीत, पायऱ्यांत मोजतात. खरं उत्तर ९.८ आणि तुम्ही म्हणालात ९.४, तर दोन पायऱ्या चुकलात. खरं ३ आणि तुम्ही म्हणालात २, तरीही दोनच पायऱ्या. सगळ्या अंकांच्या चुकलेल्या पायऱ्यांची बेरीज ज्याची सगळ्यात कमी, तो जिंकला. बरोबरी झाली तर पारखायला आणखी एक कॉमिक.

आणि नुसता आकडा चालत नाही. सोबत तीन दोष लिहायचे. आकडा नशिबानं जुळू शकतो, दोष जुळत नाहीत. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला हा सगळ्यात शहाणा नियम आहे. शाळेतल्या एका स्पर्धकानं मागे आकडा चुकवला, पण आतल्या बाजूची चिकटपट्टी त्याच्याशिवाय कुणाला दिसली नव्हती. त्या फेरीत सगळ्यात जास्त कौतुक त्याचं झालं.

[दृश्य: शेत, हिवाळा. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा जाळ, वांगी भाजली जातायत. माणसांचा घोळका.]

वर्षातून एकदा सगळे प्रत्यक्ष भेटतात. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, पुऱ्या, मुळा, हिरवी मिरची. अंक दुसऱ्या टोकाला चादरीवर. भरिताच्या हातानं कॉमिकला शिवायचं नाही, हा नियम इथे सगळ्यात कडक पाळला जातो.

फोटोवर दिलेले गुण आणि हातात घेतल्यावरचे गुण इथे ताडून बघतात. वादाचा मुद्दा दर वर्षी एकच निघतो, दुकानाचा शिक्का. चाळीसगावचे सर म्हणतात, शिक्का म्हणजे दोष, गुण कापा. ताई चिडतात. त्यांच्या वडिलांच्या हाताचा शिक्का आहे एकेका अंकावर. ‘‘सर, तो शिक्का पुसला तर हे पुस्तक कुठलं होतं ते कोण सांगेल?’’ मागून कुणीतरी ओरडतं, ‘‘शिक्का राहू द्या भो, पिना पाहा आधी!’’

तोडगा निघालाय तो असा. शिक्क्याचे गुण कापायचे, पण दुकानाचं आणि गावाचं नाव उत्तरासोबत नोंदवायचं. कागदाचा रंगही वेगळा लिहायचा, पांढरा, पिवळसर की तपकिरी. सर आणि ताई, दोघंही यावर नाखूश आहेत. म्हणजे तोडगा ठीक असावा.

स्पर्धा सुरू झाल्यापासून ग्रुपवर ‘मिंट’ लिहून विकणारे कमी झालेत, काही विक्रेते ग्रुप सोडून गेले, आणि ज्यांनी आधी चढ्या भावानं अंक घेतले होते त्यांना आता तो भाव मिळत नाही.

[दृश्य: बाइंडिंगवाल्यांचं दुकान. जाड दाभण, दोरा, एक जुना बांधीव खंड.]

राहिला प्रश्न या खंडांचा. दहा अंक एकत्र, पाठीत आरपार भोकं, कडा छाटलेल्या. अमेरिकन शिडीवर असा अंक फार वर चढू शकत नाही. पण उघडून बघा. आतली पानं पांढरी आहेत, उजेड कधी लागलाच नाही. कोपरे शाबूत, पिना आधीच काढलेल्या म्हणून गंज नाही. इथे जे अंक सर्वांत चांगले टिकले त्यांतले कितीतरी असे टाके खाऊन टिकलेत आणि त्यांना दोन-अडीच गुण देऊन बाजूला सारणं मला तरी पटत नाही.

ग्रुपमध्ये यावर एकमत नाही. खंड सोडवून अंक सुटे करावेत, असं काही जण म्हणतात. बाइंडिंगवाले दाभण दाखवून म्हणतात, ‘‘सोडवायचे असतील तर माझ्याकडे आणा, घरी करू नका.’’

[दृश्य: आप्पा फोनवर संदेश टाइप करताना. संदेशाची अक्षरं पडद्यावर.]

पुढची फेरी फक्त बांधीव खंडांची. एका खंडातले कुठलेही पाच अंक. छाटलेली कड आणि पाठीतली भोकं यांचे गुण या फेरीत कापले जाणार नाहीत, बाकी शिडी तीच. प्रवेश फुकट. बक्षीस, कॉमिक ठेवायच्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या आणि आम्लविरहित बोर्ड. उत्तर शनिवारी रात्री दहाच्या आत आप्पांच्या नंबरवर, आकडा आणि तीन दोष.