नोंदवही कोणाकडे? घरातले इंटरनेट आणि अनामिक प्रॉक्सी

अध्यक्ष महोदय, संयोजक आणि श्रोतेहो,

घरातल्या इंटरनेटची गोपनीयता जपण्यासाठी अनामिक प्रॉक्सी सेवा, म्हणजे आपण आणि संकेतस्थळ यांच्यामध्ये उभा राहणारा दुसऱ्याचा संगणक, घ्यावी की घेऊ नये, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर ऐकायला आपण बहुतेक जण आला आहात, याची मला कल्पना आहे. त्या उत्तराकडे मी येणारच आहे. मात्र आधी फिनलंडला जाऊन यावे लागेल, आणि मला ओळखणाऱ्यांनी ही गोष्ट पूर्वी ऐकली असली तरी त्यांनी कृपया ती पुन्हा ऐकावी.

1993 साली योहान हेल्सिंगियस या फिनलंडमधल्या गृहस्थाने एक सेवा सुरू केली. आपण त्याच्या संगणकाकडे पत्र पाठवायचे, त्याने त्यावरचे आपले नाव आणि पत्ता पुसून तिथे एक क्रमांक घालायचा आणि ते पुढे रवाना करायचे, अशी ती साधी व्यवस्था होती. ती लोकांना इतकी आवडली की काही लाख माणसे तिच्यावर विसंबून राहिली. मात्र या पत्रांना उत्तरेही येत असत, आणि आलेले उत्तर मूळ माणसाकडे पोहोचवायचे तर कोणता क्रमांक कोणाचा याची नोंदवही कुठेतरी ठेवणे भागच होते. ती हेल्सिंगियसच्या संगणकावर होती. 1995 मध्ये सायंटॉलॉजी या पंथाने आपली अंतर्गत कागदपत्रे या सेवेतून फुटल्याची तक्रार केली, फिनलंडचे पोलीस दारात आले आणि एका क्रमांकामागचा खरा पत्ता त्याला द्यावा लागला. पुढच्या वर्षी प्रकरण न्यायालयात गेले, निकाल त्याच्या विरोधात लागला, आणि ऑगस्ट 1996 मध्ये त्याने सेवाच बंद केल्याचे जाहीर केले. हा माणूस लबाड नव्हता, लोभी नव्हता, लोकांची गुपिते विकणारा तर मुळीच नव्हता. आणि तरीही त्याच्याकडे नोंदवही होती, एवढे एकच कारण पुरेसे ठरले. आजचे माझे सगळे म्हणणे खरे तर या एका वाक्यात आहे, पण संयोजकांनी तासाभराचा वेळ दिला असल्यामुळे पुढे बोलतो.

प्रॉक्सी म्हणजे पूर्वी चाळीत चालणारा 'द्वारा'चा पत्ता. घरच्यांना कळू नये म्हणून एखादा तरुण आपली पत्रे मित्राच्या पत्त्यावर मागवीत असे. पोस्टमनला काही समजत नसे, घरच्यांना काही समजत नसे, मित्राला मात्र सगळे समजत असे, आणि त्या मुलीचे लग्न शेवटी मित्राशीच झाल्याच्या कथाही आपण ऐकल्या आहेत. (पुढच्या रांगा हसल्या, मागच्यांचा चाळीशी संबंध आलेला दिसत नाही.) प्रॉक्सी नसताना आपल्याला इंटरनेट पुरवणारी कंपनी काय पाहते, हेही नीट समजून घ्यावे. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणाऱ्या पद्धतीवर, चालणारे असेल, आणि आज बहुतेक तशीच असतात, तर आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे तिला सहसा दिसते, पण तिथे काय वाचले किंवा काय लिहिले ते दिसत नाही. संकेतस्थळाला आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला क्रमांकाचा पत्ता, दिसतो, आणि राउटरमागचे सगळे घर बहुधा त्या एकाच पत्त्याने बाहेर वावरते. मध्ये प्रॉक्सी आली की कंपनीला फक्त प्रॉक्सी दिसते, संकेतस्थळालाही फक्त प्रॉक्सी दिसते, आणि प्रॉक्सीला दोन्ही टोके दिसतात. गोपनीयता वाढली असे आपल्याला वाटते; प्रत्यक्षात ती एकाच्या कपाटातून काढून दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेली असते.

आता घरातले उदाहरण देतो, कारण तक्रार करण्याची ही संधी मी सोडणार नाही. आमच्या मुलीने आईच्या साठीला शिवणयंत्र द्यायचे ठरवले आणि दिवाणखान्यातल्या टॅबलेटवर यंत्रांच्या किमती पाहिल्या. संध्याकाळी सौभाग्यवतींच्या फोनवर शिवणयंत्रांची रांगच लागली, आणि 'घरात कोणी शिवणाचा क्लास लावणार आहे का?' असा प्रश्न त्यांनी जेवताना विचारला. मुलगी चिडली आणि तिने तातडीने एका प्रॉक्सी सेवेची वर्षाची वर्गणी भरली. आयपी पत्ता बदलला, नकाशावर आम्ही परदेशात दिसू लागलो, हवामानाच्या पानावर बर्फाची सूचना येऊ लागली, आणि फोनवर शिवणयंत्रांच्या जोडीला भरतकामाचे दोरेही दिसू लागले. कारण अगदी साधे होते: टॅबलेटवर लॉगिन आईच्या खात्याचे होते. पत्ता लपवला होता, पण प्रत्येक दारात आम्ही आपले नाव सांगूनच आत जात होतो. एवढे झाल्यावरही ही वर्गणी दरवर्षी आपोआप कापली जाते आणि ती थांबवण्याचे बटण घरात अद्याप कोणालाही सापडलेले नाही, हा विषयाशी संबंध नसलेला, पण माझ्या मनाला लागलेला मुद्दा आहे.

मोफत सेवांबद्दल तर काय सांगावे! फेसबुकने 2013 मध्ये ओनावो ही कंपनी घेतली. तिचे ॲप माहितीचे रक्षण करण्याच्या नावाखाली लोकांच्या फोनवर बसले आणि लोक कोणती ॲप किती वापरतात याचा हिशेब मालकाकडे पोहोचवत राहिले. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने या प्रकरणात मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीच्या, उपकंपन्यांना 2 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या आदेशानुसार व्हीपीएन सेवांनी, म्हणजे प्रॉक्सीसारख्याच, पण फोन-संगणकाची सगळी वाहतूक आपल्यामार्फत नेणाऱ्या सेवांनी, ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क आणि दिलेले आयपी पत्ते किमान 5 वर्षे जपून ठेवायचे आहेत. त्यामुळे काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हरच हलवले. व्हीपीएन वापरणे हा आपल्याकडे सर्वसाधारणपणे गुन्हा नाही, हे शंका मनात ठेवून बसलेल्यांसाठी सांगून ठेवतो.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा आपण ज्यासाठी आलात ते आता भराभर सांगतो. नोंदवही एकाच्या हाती राहू नये यासाठी ती वाटून टाकणे हा खरा उपाय आहे. टॉर या स्वयंसेवकांच्या संगणकांच्या जाळ्यात आपली विनंती तीन टप्प्यांतून जाते. पहिल्याला आपण कोण ते कळते, शेवटच्याला आपण कुठे चाललो ते कळते, आणि दोन्ही एकाला कळत नाही. ॲपलने 2021 मध्ये आणलेल्या प्रायव्हेट रिलेमध्ये हेच दोन टप्प्यांत साधले आहे. टॉर संथ चालतो आणि काही संकेतस्थळे त्याला दारातच अडवतात, म्हणून खरोखर लपवण्याजोग्या गोष्टींपुरताच तो ठेवावा.

घरात प्रॉक्सीच्या आधीची कामे पुष्कळ आहेत. राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा, टीव्ही आणि कॅमेरे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर टाकावेत, घरातल्या प्रत्येकाचे खाते आणि ब्राउझरची प्रोफाइल वेगळी ठेवावी. आमच्याकडे एवढे केले असते तर शिवणयंत्राचे गुपित टिकले असते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलेल्या कार्यक्रमांची नोंद बंद करावी, कारण व्हिझिओ या कंपनीने 1 कोटी 10 लाख टीव्हींवरून अशी माहिती गोळा केल्याचे प्रकरण अमेरिकेत 2017 मध्ये 22 लाख डॉलर भरून मिटले, आणि ती माहिती टीव्ही स्वतःच पाठवत असल्यामुळे प्रॉक्सी तिथे निरुपयोगी ठरते. अँड्रॉइड फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' चालू करता येते, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता विचारण्याचे काम कुलूपबंद होते. त्यानेही विश्वास फक्त दुसरीकडे सरकतो, पण निदान कुठे सरकला हे आपल्याला माहीत असते. एवढे करूनही प्रॉक्सी हवीच असेल, तर मालक कोण, नोंदी किती दिवस ठेवतो आणि तपासणी बाहेरच्या कोणी केली आहे का, हे वाचून पैसे भरून घ्यावी. हॉटेल आणि स्थानकावरच्या वाय-फायवर तिचा उपयोग आहे. मोफत प्रॉक्सीवरून बँकेचे व्यवहार करू नयेत, या एका मुद्द्यासाठी मी वीस मिनिटे राखून ठेवली होती, ती फिनलंडला खर्च झाली. प्रश्न विचारायचे असतील त्यांनी चहाच्या टेबलाशी गाठावे.